हिरवा रिपोर्ट, लाल रिपोर्ट आणि काळी पडलेली मिरची

प्रश्न : डॉक्टरसाहेब, स. न. वि. वि. आम्ही निपाणीजवळच्या एका गावात राहतो. माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. त्यांनी तीस वर्षे तंबाखूच्या वखारीत काम केले असून त्यांना मधुमेह आहे. पाच महिन्यांपासून टीबीचे सरकारी औषध चालू आहे. वजन ४६ किलो, रोज तीन गोळ्या. गेल्या दीड महिन्यापासून त्यांना दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसते. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, पण फरक पडला नाही. बेळगावात डोळ्याच्या पडद्याचा फोटो आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) काढली. रिपोर्ट सगळा हिरवा आला आणि 'कण्णिन नर चेन्नागिदे (डोळ्याची नस चांगली आहे), वयामुळे होतंय' असे सांगण्यात आले. बरोबर गेलोच होतो म्हणून मीही तपासून घेतले. माझे वय ३४, चष्मा उणे साडेसहाचा, त्रास काहीच नाही. पण माझ्या रिपोर्टमध्ये लाल आले आणि काचबिंदूचा संशय लिहिला. तेव्हापासून घरात सगळे माझ्याच काळजीत आहेत. परवा आईने अंगणात संकेश्वरी मिरची वाळत घातली होती, ती पाहून वडील म्हणाले, 'औंदा मिरची काळी कशानं पडली?' मिरची चांगली लालभडक होती. मला काचबिंदू आहे का? आम्ही दोघांनी पुण्या-मुंबईला जाऊन एमआरआय करावा का? वडिलांचा तिसरा चष्मा दुकानात टाकला आहे, तो करून घ्यावा का? दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

उत्तर : आपण पाठवलेल्या झेरॉक्स काळ्यापांढऱ्या आहेत. ज्या लाल-हिरव्याने आपल्या घराची झोप उडवली, तो रंग त्यामुळे मला दिसलाच नाही. दिसले ते आकडे आणि आलेखाच्या रेघा. त्याचा मला फायदाच झाला. रंग बाजूला ठेवून आपले पत्र दोनदा वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की आपल्या घरात काळजीची जागा चुकली आहे. ज्यांचा रिपोर्ट हिरवा आहे त्या वडिलांना उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे न्यायला हवे, आणि ज्यांचा लाल आहे ते आपण काही महिने निवांत थांबू शकता. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय पत्रावरून निदान करता येत नाही, हे मी जाणतो. तरीही पुढचे पाऊल कोणते, हे सांगण्याइतका पुरावा आपल्या पत्रात आहे, आणि त्यातला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे अंगणातली ती मिरची.

आधी या दोन तपासण्यांत नेमके काय पाहिले जाते ते समजून घेऊ. डोळ्याच्या पडद्यातून निघालेले दहा-बारा लाख अतिसूक्ष्म तंतू मागच्या बाजूला एका ठिकाणी गोळा होतात आणि तेथून एकच नस होऊन मेंदूकडे जातात. ती जागा मोहरीच्या दाण्याएवढी, साधारण दीड मिलिमीटर रुंदीची असते. तिला आम्ही डिस्क म्हणतो. शरीरातली मेंदूची नस काहीही न कापता डोळ्यांनी पाहता येते अशी ही एकमेव जागा आहे, आणि १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आपले नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केल्यापासून डॉक्टर तिच्यात डोकावत आले आहेत. पडद्याचा फोटो म्हणजे तेच दृश्य टिपून ठेवणे होय. डिस्कचा रंग गुलाबी आहे की फिकट, कडा रेखीव आहेत की सुजून पुसट झाल्या आहेत, मधला खळगा केवढा आहे, हे त्यात दिसते. ओसीटी त्याच्या पुढे जाते. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश पडद्यावर सोडून, त्याच्या वेगवेगळ्या थरांवरून परत येणाऱ्या प्रकाशाची तुलना करून ती पडद्याचा उभा छेद काढते. १९९१ मध्ये हे तंत्र पहिल्यांदा प्रसिद्ध झाले आणि त्यासाठी फुजिमोटो, ह्वांग आणि स्वान्सन या संशोधकांना २०२३ चा लास्कर हा वैद्यकशास्त्रातील मानाचा पुरस्कार मिळाला. आजची यंत्रे सुमारे ५ मायक्रॉनपर्यंतचा बारकावा दाखवतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डिस्कभोवती साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आखून, त्या वर्तुळावर तंतूंचा थर किती जाड आहे हे यंत्र मोजते आणि निरोगी माणसांच्या नमुन्याशी ताडून रंग भरते : जाडी नमुन्यात बसली तर हिरवा, फारच कमी भरली तर लाल.

म्हणजे ओसीटी तंतूंची जाडी सांगते. तंतू काम करत आहेत की नाही, हे ती सांगत नाही. वायर शाबूत असली म्हणजे तिच्यातून वीज वाहतेच असे नाही. नसेला इजा झाली की आधी तिचे काम बिघडते, मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तंतू झडू लागतात, आणि तेव्हा कुठे आलेख खाली येतो व डिस्क फिकट दिसू लागते. या मधल्या काळात रुग्णाला दिसत नसते, फोटो सुरेख असतो आणि रिपोर्ट हिरवा असतो. आपले वडील याच मधल्या काळात असावेत, अशी मला दाट शंका आहे.

कारण ते घेत असलेल्या टीबीच्या गोळीत एथाम्ब्युटॉल नावाचे औषध आहे. सरकारी कार्यक्रमातील प्रौढांच्या प्रत्येक मिश्र गोळीत ते २७५ मिलिग्रॅम असते, आणि पहिले दोन महिने संपल्यावरही पुढच्या टप्प्यातील गोळीत ते चालूच राहते. तीन गोळ्या म्हणजे दिवसाला ८२५ मिलिग्रॅम. ४६ किलो वजनाला किलोमागे सुमारे १८ मिलिग्रॅम. हा डोस नेहमीच्या मर्यादेतलाच आहे, तेव्हा कोणी चुकीचे औषध दिले असा समज करून घेऊ नका. मात्र हे औषध मुख्यतः मूत्रपिंडातून शरीराबाहेर पडते, आणि जुन्या मधुमेहात मूत्रपिंड मंदावलेले असेल तर तोच डोस शरीरात साचून जड पडतो. त्याचा दुष्परिणाम होतो तो डोळ्याच्या नसेवर. तो बहुधा पहिल्या दोन महिन्यांनंतर सुरू होतो, दोन्ही डोळ्यांना होतो, दुखत नाही, डोळा लाल होत नाही, नजरेच्या मधोमध धूसरपणा येतो आणि रंग, विशेषतः लाल आणि हिरवा, विझल्यासारखे दिसतात. आपल्या पत्रातील वर्णन आणि हे वर्णन शेजारी शेजारी ठेवून पाहा. मोतीबिंदूनेही धूसर दिसते, पण लाल मिरची काळी दिसणे ही तक्रार आली की आम्ही आधी नसेकडे वळतो.

वडिलांच्या कागदावर तंतूंच्या थराची सरासरी जाडी उजव्या डोळ्यात ९६ आणि डाव्यात ९४ मायक्रॉन छापली आहे. या वयाला हे आकडे उत्तम आहेत. पण एथाम्ब्युटॉलच्या इजेत सुरुवातीला जाडी अशीच राहते. क्वचित थोडी वाढलेलीही आढळते. दुसरे असे की त्यांची ओसीटी फक्त डिस्कभोवतीची आहे. पडद्याच्या मध्यभागी, जिथे आपण वाचताना नजर रोखतो तिथे, या तंतूंच्या मूळ पेशींचा थर असतो, त्याला गँग्लियन सेलचा थर म्हणतात; अशा आजारांत तो अनेकदा डिस्कभोवतीच्या थराच्या आधी पातळ होऊ लागतो. ती मोजणी त्याच यंत्रावर दोन मिनिटांत होते, पण ती मागावी लागते. ती केल्याचे आपण जोडलेल्या पानांत कुठेच दिसत नाही.

उमेदवारीच्या काळात मी स्वतः हीच चूक केली आहे. असाच एक रुग्ण, अशाच गोळ्या. डिस्क गुलाबी दिसली म्हणून मी कागदावर 'नॉर्मल' लिहिले आणि चष्म्याचा नंबर दिला. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा डिस्क पांढरी पडली होती आणि ओसीटीवर लाल उमटले होते, म्हणजे तपासणी अखेर 'बरोबर' आली होती. त्यानंतर आजवर मी टीबीच्या रुग्णाच्या डोळ्यांत प्रकाश टाकण्याआधी त्याच्यासमोर रंगांची पुस्तिका धरतो.

तेव्हा उद्या सकाळी वडिलांना घेऊन, त्यांची गोळ्यांची पाकिटे, टीबीचे कार्ड आणि हे सगळे रिपोर्ट बरोबर ठेवून, ज्या केंद्रातून औषध मिळते तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. 'रंग नीट दिसत नाहीत आणि चष्म्याने नजर सुधारत नाही' हे वाक्य याच शब्दांत सांगा. नुसते 'डोळ्याला कमी दिसतंय' म्हटले तर पुन्हा वयावर ढकलले जाण्याची शक्यता आहे. एथाम्ब्युटॉल थांबवायचे की काय करायचे याचा निर्णय त्यांच्याकडून त्याच दिवशी करून घ्या. परंतु घरच्या घरी गोळ्या बंद करू नका. ही मिश्र गोळी आहे. ती टाकली तर एथाम्ब्युटॉलबरोबर टीबी बरा करणारी मुख्य औषधेही बंद होतात आणि अर्धवट उपचारातून औषधाला दाद न देणारा टीबी उभा राहू शकतो. एक औषध वगळून बाकीची सुटी देणे किंवा पर्यायी औषध जोडणे हे काम त्या डॉक्टरांचे आहे, आणि त्यांना ते येते. औषध वेळेत थांबले तर बहुतेक रुग्णांची नजर हळूहळू, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतच्या काळात सुधारते. सर्वांची पूर्ण सुधारतेच असे नाही, आणि जितका उशीर तितकी परत येणारी नजर कमी. म्हणूनच मी 'उद्या' हा शब्द वापरला आहे.

त्याच आठवड्यात रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. आपण लिहिलेले नाही, पण तीस वर्षे वखारीत काढलेला माणूस तंबाखू मळत नसेल असे मानायला मन धजत नाही. तंबाखू, अपुरा आहार आणि बी-१२ ची कमतरता यांमुळेही डोळ्याची नस अगदी अशाच प्रकारे, दोन्ही बाजूंनी आणि न दुखता खराब होते. वडिलांच्या बाबतीत एथाम्ब्युटॉल आणि ही कारणे एकमेकांना हातभार लावत असतील. ते मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर तेही सांगा, कारण वर्षानुवर्षे घेतल्यास त्यानेही बी-१२ कमी होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा तीन गोष्टी आवर्जून मागा : रंगांच्या ठिपक्यांची इशिहारा तपासणी, दृष्टिक्षेत्राची तपासणी आणि मघाशी सांगितलेली मध्यभागाची ओसीटी. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात समोर नजर रोखून, कडेला दिवा चमकला की बटण दाबायचे असते. वडीलधारी माणसे पहिल्या वेळेला गोंधळतात, दिवा शोधायला नजर फिरवतात आणि निकाल बिघडतो. म्हणून त्यांना घरूनच समजावून न्या आणि तेथे मराठीत सूचना द्यायला कोणी नसेल तर आपण शेजारी उभे राहण्याची परवानगी मागा. डॉक्टर बाहुलीवर बॅटरीचा प्रकाश आलटून पालटून टाकूनही पाहतील. एकाच डोळ्याची नस बिघडली असेल तर ती तपासणी लगेच चुगली करते. दोन्ही सारख्याच बिघडल्या असतील तर मात्र तुलना करायला चांगला डोळा उरत नाही आणि बाहुल्या निर्दोष वाटतात.

एमआरआयचा प्रश्न येथे येतो. एथाम्ब्युटॉलमध्ये कधीकधी दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या, म्हणजे कानशिलाकडच्या, बाजूचे दृष्टिक्षेत्र उडालेले आढळते, आणि नेमके तसेच दृश्य मेंदूच्या तळाशी, दोन्ही नसा एकत्र येतात तेथे, पिट्युटरी ग्रंथीची गाठ दाबत असेल तरी आढळते. टीबी मेंदूच्या आवरणात गेला असेल तरी तो त्याच जागी नसांना वेढतो. तेव्हा दृष्टिक्षेत्रात तसा नमुना निघाला, किंवा डोकेदुखी, उलट्या, ताप, गुंगी यांपैकी काही सोबत असेल, तर एमआरआय थांबवू नये. आणि अशी लक्षणे असतील तर दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचीही वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. यातील काहीही नसेल तर ते आधी औषधाच्या प्रश्नाचा निकाल लावून मग ठरवता येईल. पुण्या-मुंबईची मात्र गरज नाही. या सर्व तपासण्या बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होण्याजोग्या आहेत, आणि निपाणीकरांना कोल्हापूर-मिरजही दूर नाही.

हिरव्या रंगाविषयी आणखी एक गोष्ट, जी वडिलांना लागू नसली तरी हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घराला लागू असेल. यंत्र लाल रंग फक्त पातळ नसेला देते. मेंदूतील दाब वाढून नस सुजली तर तिचा थर जाड होतो, आणि आलेखावर ती रेघ हिरव्या पट्ट्याच्या वर, पांढऱ्या भागात जाते. लाल कुठेच नसते. डोके सतत दुखते, वाकून उठताना क्षणभर अंधारी येते, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घुमल्यासारखे वाटते, अशी तक्रार असलेल्या तरुण मुलीच्या रिपोर्टवर लाल नाही म्हणून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. उलट, काहींच्या डिस्कमध्ये चुन्यासारखे कण असतात आणि फोटोत ती सुजल्यासारखी वाटते. सोनोग्राफीत ते कण चमकून उठतात आणि विनाकारण घेतलेली धास्ती उतरते.

आता आपण स्वतः. आपल्या कागदावर उजवीकडे सरासरी ८२ आणि डावीकडे ७८ मायक्रॉन आहे. डोळ्यांचा दाब १५, डिस्कच्या मानाने मधल्या खळग्याचे प्रमाण ०.४ आणि दोन्हीकडे सारखेच. यातला जाडीचा आकडा सोडला तर काचबिंदूकडे बोट दाखवणारे काहीही नाही. आणि त्या आकड्याचे कारण बहुधा आपल्या नाकावरच आहे. उणे साडेसहाचा डोळा सामान्य डोळ्यापेक्षा लांब असतो. लांब डोळ्यात यंत्राने आखलेले वर्तुळ प्रत्यक्षात मोठे पडते, डिस्कपासून दूर जाते, आणि दूरवर तंतूंचा थर मुळातच पातळ असतो. शिवाय जाडीच्या आलेखात सर्वांनाच वर आणि खाली अशी दोन वशिंडे दिसतात. चष्म्याचा उणे नंबर मोठा असणाऱ्यांत ती कानशिलाच्या बाजूला सरकलेली असतात. आपल्या झेरॉक्सवर मला ती तशीच दिसतात : दोन्ही शिखरे एकमेकांच्या जवळ आली आहेत, त्यामुळे कानशिलाकडे रेघ नमुन्याच्या वर गेली आहे आणि नाकाकडे तिचा उतार नमुन्याच्या खाली आला आहे. त्या खाली आलेल्या उताराला यंत्राने लाल रंग दिला. त्याला ताडायला दिलेल्या नमुन्यात असे मोठ्या उणे नंबराचे डोळे फार थोडे असतात, एवढाच त्याचा अर्थ. डाव्या डोळ्याच्या सिग्नलचा, म्हणजे स्कॅन किती स्पष्ट आला त्याचा, आकडा तर दहापैकी ५ आहे. सहाच्या खालचा स्कॅन मी सहसा वाचतच नाही, पापणी मिटली असावी किंवा डोळा कोरडा असावा म्हणून तो पुन्हा काढायला सांगतो. रंगांचा हिशेबही असा आहे की निरोगी माणसांतील तळाच्या पाच टक्क्यांना पिवळा आणि त्यातल्याही शेवटच्या एका टक्क्याला लाल रंग मिळणार, हे आधीच ठरलेले असते.

असे असले तरी रिपोर्ट फाडून टाकू नका. मोठा उणे नंबर असणाऱ्यांना काचबिंदूचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, दाब २१ च्या आत असूनही काचबिंदू होऊ शकतो, आणि तंतूंचा बराच मोठा हिस्सा गेल्यावरच माणसाला नजरेतला दोष जाणवतो. एकच स्कॅन या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. सहा महिन्यांनी आणि वर्षाने काढलेला स्कॅन देऊ शकतो. वयोमानाने दहा वर्षांत साधारण दोन मायक्रॉन जातात आणि दोन वेळच्या मोजणीत चार-पाच मायक्रॉनचा फरक यंत्राचाच असू शकतो; त्यापलीकडे घसरण दिसली तर मात्र विचार करावा लागेल. येथे आपल्या सीमाभागातील एका सवयीबद्दल बोलणे भाग आहे. आज बेळगाव, पुढच्या वेळी मिरज, मग कोणी सांगितले म्हणून हुबळी, असे आपण फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी नवी ओसीटी निघते. एका कंपनीच्या यंत्राचे मायक्रॉन दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी जुळत नाहीत. त्यामुळे पाच रिपोर्ट असूनही तुलना करायला एकही जोडी नसते. डॉक्टर खुशाल बदला, यंत्र बदलू नका, आणि रिपोर्टची रंगीत प्रत जपून ठेवा. पुढील भेटीत बुबुळाची जाडी आणि डोळ्याचा कोन तपासायला सांगा, दृष्टिक्षेत्राची एक तपासणी करून ठेवा, आणि घराण्यात कोणाला काचबिंदू होता का ते आईला विचारून जा. आपल्याला एमआरआयची काहीही आवश्यकता नाही.

डोळ्यांच्या तपासणीच्या दिवशी बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घातले जातील. पुढचे चार-सहा तास उजेड सहन होत नाही आणि जवळचे दिसत नाही. हायवेने मोटारसायकलवर वडिलांना मागे बसवून निपाणीला परतण्याचा बेत असेल तर तो रद्द करून बसने जा.

तिसरा चष्मा थांबवा. नसेमुळे गेलेली नजर कोणत्याही काचेने येत नाही, आणि औषध बदलल्यानंतर पुढील काही महिने वडिलांची नजर बदलत राहील, त्यामुळे आजचा नंबर तेव्हा चालेलच असे नाही. दुकानदाराने काचा घातल्या नसतील तर तसे त्याला आजच कळवा. फ्रेम त्याच्याकडेच ठेवायला सांगा, सहा महिन्यांनी नंबर काढल्यावर ती उपयोगी पडेल.